बंदुकांची संख्या, बंदुकांचे कायदे आणि खून यांचा संबंध कसा लावायचा?

आपला प्रश्न असा आहे की, स्वित्झर्लंडमध्ये घरोघरी बंदुका असूनही खून फारसे होत नाहीत आणि शिकागोत कायदे कडक असूनही ते होतात. मग बंदुकांवरील निर्बंधांचा गुन्हेगारीशी काही संबंध आहे, हे कशाच्या आधारे म्हणायचे? आपली दोन्ही उदाहरणे खरी आहेत. मात्र त्यांतून सहसा काढला जाणारा निष्कर्ष निघत नाही, असे माझे मत आहे.

मुळात ‘गुन्हे’ आणि ‘मृत्यू’ यांची सरमिसळ केली की या वादाचा गुंता कधीच सुटत नाही. चोऱ्या, घरफोड्या आणि मारामाऱ्या यांत अमेरिका पश्चिम युरोपाच्या फार पुढे आहे असे नाही; ती पुढे आहे ती माणसे मरण्यात. फ्रँकलिन झिमरिंग या अभ्यासकाने १९६० च्या दशकातील शिकागो पोलिसांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा चाकूहल्ल्यांच्या तुलनेत बंदुकीच्या हल्ल्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे पाचपट असल्याचे त्याला आढळले. हे हल्ले करणारे बहुतेक जण कट रचून, जिवे मारायचेच असे ठरवून निघालेले नव्हते. दारूच्या नशेत, घरातल्या घरात किंवा ओळखीच्या माणसांत जुंपलेली ती भांडणे होती आणि त्या क्षणी हाताला काय लागले, यावर समोरचा माणूस वाचणार की मरणार हे बऱ्याच अंशी ठरत होते. बंदूक भांडण लावत नाही, पण लागलेल्या भांडणाची परिणती बदलते. ‘मारणारा कशानेही मारेलच’ हा युक्तिवाद मला म्हणूनच पटत नाही.

स्वित्झर्लंडविषयी थोडक्यात सांगतो. ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संशोधन संस्थेच्या २०१७ च्या अंदाजानुसार तेथे दर शंभर माणसांमागे नागरिकांकडे सुमारे २८ बंदुका होत्या, तर अमेरिकेत १२०. म्हणजे आपण समजतो तशी ही बरोबरीची तुलना नाहीच. शिवाय स्विस बंदुकांत लष्करी सेवेतील रायफली आणि शिकारीच्या व नेमबाजीच्या बंदुका पुष्कळ आहेत, आणि लष्करी काडतुसे घरी ठेवण्याची प्रथा २००७ नंतर जवळजवळ बंद झाली. २००३ मध्ये सैन्यसंख्या निम्म्याच्या आसपास आणली गेली, त्यामुळे घरांतील लष्करी रायफली कमी झाल्या आणि त्या वयोगटातील पुरुषांच्या आत्महत्याही घटल्या. आत्महत्येचा हा मुद्दा चर्चेत सहसा बाजूला पडतो. वास्तविक अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने झालेल्या ४८,८३० मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या.

आता शिकागो. तेथील गुन्ह्यांत सापडलेल्या बंदुकांचा माग काढून शहराने २०१७ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार सुमारे ६० टक्के बंदुका इलिनॉयबाहेरून, म्हणजे शिकागो ज्या राज्यात आहे त्याच्या बाहेरून, आलेल्या होत्या आणि एकपंचमांशाहून अधिक एकट्या शेजारच्या इंडियाना राज्यातून, जिथले नियम सैल आहेत. कायदा शहराचा आणि बाजारपेठ पलीकडच्या राज्यात, अशा स्थितीत तो कायदा निरुपयोगी आहे की त्याची हद्द अपुरी आहे, हे नुसत्या खुनांच्या आकड्यावरून सांगता येत नाही.

कायद्याचा परिणाम पाहायचा असेल तर अमेरिकेतील मिसूरी राज्याचे उदाहरण मला अधिक उपयोगी वाटते. तेथे पिस्तूल घेण्यापूर्वी शेरीफच्या (स्थानिक पोलीसप्रमुखाच्या) कार्यालयात स्वतः जाऊन परवाना काढावा लागे. विक्रेता दुकानदार असो वा खासगी व्यक्ती, ही अट सुटत नसे. अनेक दशके चाललेली ही पद्धत २००७ मध्ये रद्द झाली. (संघराज्याच्या कायद्यानुसार पूर्वेतिहासाची तपासणी परवानाधारक विक्रेत्यालाच बंधनकारक होती, त्यामुळे खासगी विक्रीवर जवळजवळ काहीच अंकुश उरला नाही.) जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी पुढील काही वर्षांचे आकडे तपासले, तेव्हा बंदुकीने होणारे खून सुमारे एकचतुर्थांशाने वाढलेले आढळले, पण इतर मार्गांनी होणाऱ्या खुनांत तशी वाढ नव्हती, आणि विक्रीनंतर अल्पावधीतच पोलिसांच्या हाती लागणाऱ्या बंदुकांचे प्रमाणही वाढले होते. एका राज्याच्या अनुभवावरून सिद्धान्त मांडू नये हे मान्य, परंतु हे तिन्ही धागे एकाच दिशेला जातात, म्हणून मी या पुराव्याला वजन देतो.

याउलट, बंदुका वाढल्या की खून वाढतात असे सरळ त्रैराशिकही मांडता येत नाही. १९९१ ते २००० या काळात अमेरिकेत बंदुका वाढत असतानाच खुनांचा दर दर लाख लोकसंख्येमागे ९.८ वरून ५.५ पर्यंत उतरला. २०२० मध्ये खून एका वर्षात जवळपास ३० टक्क्यांनी वाढले, तेव्हा बंदुकांची विक्रमी खरेदी झाली होती हे खरे. पण २०२३ आणि २०२४ मध्ये ते झपाट्याने घटले, तेव्हा त्या बंदुका कोठे नाहीशा झाल्या नव्हत्या. अमली पदार्थांचा व्यापार, पोलिसांवरील विश्वास, तरुणांचा रोजगार, महासाथ अशी अनेक कारणे हा आलेख हलवतात. निर्बंधांचे समर्थक हे मान्य करायला कचरतात, आणि मग विरोधकांना आयतेच कोलीत मिळते.

भारताला हे जसेच्या तसे लागू करता येणार नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना मिळणे कठीण आहे, २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, आणि निवडणूक लागली की अनेक परवानाधारकांना शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. तरीही आपल्याकडे बंदुकीने होणाऱ्या खुनांत बहुतांश शस्त्रे विनापरवाना असतात. पुण्यात किंवा जळगावात पकडलेला गावठी कट्टा बहुधा कोणत्याही दुकानातून आलेला नसतो. चोपडा तालुक्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील उमर्टीचे नाव अशा प्रकरणांत वारंवार येते. अमेरिकेत बंदूक प्रथम कायदेशीररीत्या विकली जाते आणि नंतर हात बदलते, म्हणून तेथे विक्रीच्या टप्प्यावरची अट परिणाम करते. कट्टा मात्र भट्टीतून निघतानाच बेकायदा असतो, त्यामुळे परवान्याची अट आणखी कडक केली तरी त्याच्या वाटेत ती कोठेच येत नाही. त्याला अडवायचे तर कारागीर, दलाल आणि काडतुसांचा पुरवठा यांवरच लक्ष द्यावे लागते.