ध्रुवीय रात्रीतलं आयनीभवन

प्रश्न : ध्रुवावर हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही. मग उपग्रहांना तिथे दाट आयनीभवन (हवेच्या कणांमधून इलेक्ट्रॉन सुटे होणं) कसं सापडतं?

उत्तर : कारणं दोन. सूर्यप्रकाशात तयार झालेला प्लाझ्मा (आयन आणि सुट्या इलेक्ट्रॉनांचं मिश्रण) विद्युतक्षेत्रामुळे ध्रुवावरून रात्रीच्या बाजूला वाहत येतो. साधारण ३०० किमी उंचीवर तो तासन्‌तास टिकतो, कारण तिथे हवा विरळ असते आणि आयन-इलेक्ट्रॉन पुन्हा जुळायला वेळ लागतो. दुसरं, वरून इलेक्ट्रॉन कोसळतात आणि हवेला धडकून जागीच आयनीभवन घडवतात. एक आयनजोडी (एक आयन आणि एक सुटा इलेक्ट्रॉन) तयार व्हायला सुमारे ३५ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा खर्ची पडते.

२०१३ साली सोडलेले तीन ‘स्वार्म’ उपग्रह लँगम्युअर प्रोब या उपकरणाने प्लाझ्माची घनता मोजतात. छोट्या गोळ्याला व्होल्टेज द्यायचं आणि त्यात येणारा विद्युतप्रवाह मोजायचा, एवढंच. सेकंदाला दोन नोंदी, वेग सुमारे ७.६ किमी प्रतिसेकंद. म्हणजे दर ३.८ किमीला एक आकडा.

आलेखात घनता आसपासच्या दुप्पट झाली की त्याला ‘पॅच’ म्हणतात. इथेच घाई नडते! कोसळत्या इलेक्ट्रॉनांची नोंद सोबत नसेल, तर पॅच वाहत आला की जागीच तयार झाला, हे नुसत्या घनतेवरून ठरवू नये. शिवाय १०० ते १५० किमीवरचं, ध्रुवीय प्रकाशाजवळचं आयनीभवन या प्रोबला दिसतच नाही. उपग्रह त्याच्या कितीतरी वरून जातो. त्यासाठी जमिनीवरचे रडार लागतात.