‘सेवा करता’ म्हटले की ओशाळल्यासारखे होते

पत्र (संक्षेपाने): मी ६१ वर्षांचा असून राजारामपुरीत मुलाकडे राहतो. दीड वर्षापूर्वी पत्नी गेली. सात महिन्यांपासून आठवड्यातून तीन सकाळी प्राण्यांच्या एका शेल्टरमध्ये जाऊन पिंजरे धुतो, अन्न शिजवायला मदत करतो. तिथे अपघातात मागचा पाय गमावलेल्या बाळ्या नावाच्या कुत्र्याचा मला लळा लागला. त्याला आता एक कुटुंब दत्तक नेणार आहे. मुलगा म्हणतो, ‘आता तरी पुरे करा, नातवाला वेळ द्या.’ लोक ‘केवढी सेवा करता’ म्हणतात तेव्हा मला ओशाळल्यासारखे होते, कारण देतो त्याहून अधिक मीच तिथून घेऊन येतो. हा स्वार्थ नव्हे का?

उत्तर: तुमच्या पत्रातला एक मजकूर मी पुन्हा वाचला. बाळ्या पहिले अकरा दिवस भिंतीकडे तोंड करून बसायचा. बाराव्या दिवशी, तुम्ही मान वळवून, हात फरशीवर उताणा ठेवून बसला असताना त्याने तळव्यावरची चुरलेली भाकरी चाटून घेतली, आणि ‘त्या दिवशी घरी येताना कित्येक महिन्यांनी मला सपाटून भूक लागली’, असे तुम्ही लिहिले आहे. ही भूक चोरीची आहे असे तुम्हाला का वाटावे, हे मला उमगत नाही.

पत्नी गेल्यानंतर भेटणारा प्रत्येक जण ‘आता कसे आहात?’ असे विचारतो आणि त्याला बरे वाटेल असे उत्तर आपल्याला शोधावे लागते. शेल्टरमध्ये हा प्रश्न कोणी विचारत नाही. आपले मन थाऱ्यावर असो वा नसो, सकाळी सातला पिंजऱ्यातली घाण काढावीच लागते, पाण्याची भांडी घासावीच लागतात, आणि तुम्ही गेला नाहीत तर ते काम दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर पडते. निवृत्तीने आणि वैधुर्याने एकाच वेळी तुमच्याकडून काढून घेतलेली गोष्ट म्हणजे आपल्यावाचून कोणाचे तरी अडते ही जाणीव. ती तुम्हाला तिथे परत मिळाली. प्राणी माया लावतात हे खरेच आहे, पण माझ्या मते तुमची खरी मिळकत त्या बादल्या आणि खराट्यात आहे.

राहिला स्वार्थाचा मुद्दा. मिळाले म्हणून स्वार्थ होत नाही. जनावराच्या गरजेपुढे आपली हौस ठेवली की तो होतो. आपल्या कोल्हापुरात रविवारी घरोघरी तांबडा-पांढरा रस्सा होतो आणि उरलासुरला रस्सा, हाडे पिशवीत बांधून मोठ्या मायेने कुत्र्यांसाठी आणली जातात. शिजवलेले हाड फुटले की त्याचे टोकदार तुकडे घशात किंवा आतड्यात रुततात, आणि कांद्याने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. पण ते घालताना आपल्याला मात्र फार बरे वाटलेले असते. ‘बाळ्याला देऊ नका, मला करमणार नाही’ असे तुम्ही शेल्टरमध्ये म्हणाला असतात, तर तुमच्या प्रश्नाला मी ‘होय’ असे उत्तर दिले असते. तुम्ही तसे म्हटलेले नाही.

मुलाचे ‘पुरे करा’ मला कठोर वाटले नाही. त्याचीही आई गेली आहे, आणि वडील आपल्या घरापेक्षा पिंजऱ्यांजवळ अधिक रमतात हे त्याला लागले असावे, असा माझा कयास आहे. त्याच्याशी शेल्टरवरून वाद घालण्याऐवजी एकदा आईविषयी बोला. नातवासाठी संध्याकाळ ठेवा, रंकाळ्यावर फिरायला न्या. सकाळी मात्र तुमच्याच राहू द्यात.

मुलाच्या मनात चावण्याची भीती असेल तर ती रास्त आहे आणि तिच्यावर उपाय आहे. रोज प्राणी हाताळणाऱ्यांसाठी रेबीजची आगाऊ घ्यायची लस असते: पहिल्या डोसनंतर ७ व्या आणि पुढे २१ व्या किंवा २८ व्या दिवशी. सात महिन्यांत ती घेतली नसेल तर हा आळस आता सोडा. लस घेतलेली असली तरी कुत्रा चावला किंवा साधा ओरखडा उठला, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे, कारण पुढचे डोस तेव्हाही लागतात. जखमेवर चटणी किंवा चुना भरणारी माणसे अजूनही भेटतात. त्यांचे ऐकू नका. शेल्टरचे कपडे आणि बूट वेगळे ठेवलेत तर सूनबाईंची तक्रारही, जी तुम्ही लिहिलेली नाही पण असणार, थोडी कमी होईल.

बाळ्या गेल्यावर काही दिवस तुम्हाला जड जातील, आणि त्याच आठवड्यात जाणे थांबवलेत तर अधिक जड जातील. त्याला न्यायला ते कुटुंब येईल त्या सकाळी तुम्ही हजर राहा. तो पाठीमागून हात लावला की दचकतो, भाकरी चुरून दिली तरच खातो, आणि ती देताना त्याच्याकडे पाहायचे नसते, हे तुमच्याइतके नेमके त्यांना दुसरे कोणी सांगू शकणार नाही.