कुठे होतात इतके दिवस?

प्रश्न : सिस्टरबाई, सलाम. मी एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर, वय 63. चार वर्षांपूर्वी चर्चच्या रंगकामाच्या हिशेबावरून पंचांमध्ये वाद झाला. मी भर सभेत उभा राहून बोललो, तर एकानं ऐकवलं, "तिकिटाचे पैसे मोजणाऱ्यानं मंडळीचे मोजू नयेत." मी चपला घातल्या आणि निघालो, तो निघालोच. ही मात्र जात राहिली. दोन वर्षांपूर्वी ही गेली. दफनाला सगळी मंडळी आली, तो माणूसही आला. त्यानं खांदा दिला, मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आता रविवारी घंटा वाजली की मी रेडिओ मोठा करतो. मुलगी पुण्याहून सारखी सांगते, "पप्पा, उपासनेला जात जा." पण गेलो तर पहिला प्रश्न येणार, "कुठे होतात इतके दिवस?" आणि खरं सांगायचं तर आत काही हलतच नाही. प्रार्थनेला बसलो की समोर नुसती भिंत. असं कोरडं मन घेऊन चर्चमध्ये बसणं म्हणजे ढोंग नाही का? पूर्वी मी भजनात टाळ धरायचो. ते टाळ आता ट्रंकेत पडलेत.
— एक वाचक, राहुरी तालुका

उत्तर : भाऊ, सलाम.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा रेडिओपाशी अडकले. ज्याला घंटेचं काहीच वाटत नाही तो रेडिओ मोठा करत नाही, तो झोपून राहतो.

आधी नर्सबाई म्हणून विचारते, कारण छत्तीस वर्षं तेच केलं. झोप लागते का? जेवण जातं का? पहाटे तीनला जाग येऊन पुढे नुसतं छताकडे बघत पडणं, हिच्या मागोमाग आपणही जावं असं वाटणं, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर गाठा. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आजारासाठीच्या सरकारी फोनसेवेचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आपल्यात असं काही झालं की लोक "विश्वास कमी पडला" म्हणून मोकळे होतात. साखर वाढली तर कुणी विश्वास मोजत नाही, मग याच्यातच का?

आता कोरड्या मनाचं. माझे मिस्टर गेले तेव्हा मी तीन वर्षं चर्चची पायरी चढले नाही. भांडण वगैरे काही नव्हतं. लोक सांत्वनाला यायचे आणि "प्रभूची इच्छा" म्हणून चहा पिऊन जायचे. मला त्या शब्दांचा आणि त्या चहाचाही वीट आला होता. वॉर्डात मी पेशंटच्या नातेवाइकांना हेच शब्द किती वेळा ऐकवले असतील, याची तेव्हा लाज वाटली.

परत गेले ती विश्वास जागा झाला म्हणून नव्हे, दुधी भोपळ्यामुळे. कापणीच्या सणाला सून म्हणाली, "आई, गाडीत बसून तरी चला, नातीचं गाणं आहे." मी आतमध्ये नाही, मागे लिंबाखाली उभी राहिले. उपासना झाली आणि लोकांनी अर्पण केलेल्या वस्तूंचा लिलाव सुरू झाला. तुमच्याकडेही होत असेल : बाजरीची कणसं, पेरू, अंड्यांची टोपली, पाय बांधलेला कोंबडा, कुणाच्या परसातली पपई. बोली पुकारायला एक रिटायर्ड गुरुजी होते, आवाज असा की माइक नकोच. त्यांनी हातभर लांब दुधी उचलून धरला. एवढ्यात माझ्या कानाशी गांधीलमाशी आली, मी हात झटकला. "सिस्टरबाई तीनशे! तीनशे एक, तीनशे दोन, तीनशे तीन!" टाळ्या. तीनशे रुपयांचा दुधी, तोही जून. घरी येऊन नखं रुतवून बघितलं तर रुतेना. आत बिया अशा की दाताखाली आल्या तर कवळी निघावी.

एकट्या बाईनं एवढ्या दुधीचं करायचं काय? चार फोडी केल्या. एक ठेवली, तीन शेजारी दिल्या. माझ्या वाटच्या फोडीच्या बिया काढल्या, साल जाड सोलून चण्याची डाळ घालून भाजी टाकली. लसणाची फोडणी तडतडली तेव्हा लक्षात आलं, तीन वर्षांत मी फोडणीच दिली नव्हती. खिचडी आणि ब्रेड, बस्स. त्या वासानं मला रडू आलं आणि भूकही लागली. तिघींपैकी एकीनं डबा परत करताना विचारलं, "बुधवारी आमच्याकडे कुटुंब प्रार्थना आहे, येता?" रिकामा डबा परत देत नाहीत, म्हणून तिनं त्यात शेंगदाण्याची चटणी घातली होती. बुधवारी गेले. प्रार्थना आली नाही, पण पोहे वाढायला हात लावला. असं करत करत कधीतरी गीत म्हणताना आवाज निघाला. तो नेमका दिवस कोणता, ते मला सांगता येणार नाही.

ढोंगाचं म्हणाल तर येशूचा शिष्य थोमा आठवा. येशूच्या पुनरुत्थानाच्या संध्याकाळी बाकीचे शिष्य एकत्र होते, हा नव्हता. परत आला तर दहाजण सांगतात, प्रभू दिसला. हा म्हणतो, खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मानणार नाही. आपण लगेच पुढच्या भेटीकडे धावतो, पण मधे आठ दिवस आहेत. आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात होते आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. विश्वास नव्हता, तरी त्यांच्यातच होता. ना त्यांनी हाकललं, ना हा उठून गेला. त्याला कुणी ढोंगी म्हटल्याचं, ही गोष्ट सांगणाऱ्या योहानानं आपल्या शुभवर्तमानात लिहिलेलं नाही. आणि भिंतीशीच बोलायचं असेल तर 88 वं स्तोत्र काढा. त्याचा शेवट अंधारातच होतो, गोड केलेला नाही. तेही पवित्र शास्त्रातच आहे.

भांडणाचं मी काय बोलणार? हिशेब मी पाहिलेला नाही. त्या माणसाचं वाक्य मात्र हलकं होतं. ज्यानं आयुष्यभर रोज डेपोत पै-पैचा हिशेब भरला, त्यालाच पैसे मोजू नको म्हणायचं? मलाही राग आला असता.

पण एक गंमत बघा. "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा" हे वचन आपल्या निम्म्या घरांत कॅलेंडरवर असतं. बायबलमधलं प्रेषित पौलाचं फिलिप्पैकरांना पत्र, चौथा अध्याय, चौथी ओवी. तुम्ही दुसरी ओवी वाचा. युवदिया आणि सुंतुखे या दोन बायकांचं पटत नाहीये आणि पौल तुरुंगातून दोघींना नाव घेऊन विनवतोय की एकचित्त व्हा. भांडण कशावरून, ते लिहिलेलं नाही. असेल कसलातरी रंगकामाचाच हिशेब. दोघींचा समेट झाला का, तेही पुढे येत नाही. एका ओळीनंतर तो आनंदावर येतो. म्हणजे तो आनंद भांडण मिटलेल्या मंडळीसाठी लिहिलेला नाही, भांडत असलेल्या मंडळीसाठी आहे. माझंही आमच्या महिला मंडळात एकीशी अकरा वर्षं जमत नाही. आम्ही दोघी सलाम करतो आणि वेगवेगळ्या बाकांवर बसतो. नाताळात करंज्या मात्र एकाच परातीत भरतो, कारण परात एकच आहे.

म्हणून त्या माणसाच्या घरी जा, गळ्यात पडा, असं मी सांगणार नाही. तुम्हाला जमणार नाही आणि त्यालाही अवघडल्यासारखं होईल. त्यानं खांदा दिला होता, हे तुम्ही मला न विचारता लिहिलंत. तेवढ्याचा एक सलाम त्याला द्या. जास्त काही बोलू नका.

आता "कुठे होतात इतके दिवस?" भाऊ, राज्यातली पहिली एसटी 1948 साली 1 जूनला पुण्याहून नगरला आली. तेव्हापासून या रस्त्यावर किती माणसं मधल्याच थांब्यावर चढली असतील! तुम्ही त्यांतल्या एकाला तरी विचारलंत का, आतापर्यंत कुठे होतात म्हणून? कुठे जायचंय तेवढं विचारलंत आणि "पुढे सरका" म्हणालात. मंडळीत एकदोघं विचारतीलच, काहींना ती सवय असते. "घरीच होतो" म्हणा आणि पुढे सरका.

एकदम रविवारी जाऊ नका. रविवारी सगळे नटूनथटून येतात, त्यात आपलं रिकामेपण जास्त दिसतं. शनिवारी संध्याकाळी जा. झाडलोट, सतरंज्या, फुलं चालू असतात, चारपाच माणसं असतात आणि हातात झाडू असला की कुणी फार चौकशी करत नाही. आणि भजनाची तालीम कोणत्या वारी असते ते विचारून घ्या. टाळ धरणाऱ्याला प्रार्थना करता आली नाही तरी चालतं, त्याला ठेका सांभाळायचा असतो. या भागातल्या ख्रिस्ती माणसाला अभंगाच्या चालीचं वळण आहे, त्यामुळे तोंड गप्प असलं तरी हात चुकत नाहीत.

आज ट्रंक उघडा. पितळ काळं पडलं असेल, चिंचेच्या कोळानं घासा. दोरी मात्र नवी घाला, जुनी ऐन भजनात तुटते आणि टाळ पुढच्या बाकावरच्या बाईच्या डोक्यात जातो. हे मी पाहिलेलं आहे, टाकेही मीच घातलेत.

कापणीच्या सणाला लिलावात उभे राहाल, तेव्हा हात खिशात ठेवा.