बी२ आलं म्हणजे नक्की काय आलं? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी नर्स आहे, कोल्हापुरातच काम करते. बाहेरच्या देशात जायचंय म्हणून इंग्रजीचा क्लास लावला. तिथं मोबाईलवर ग्रामरची टेस्ट घेतली आणि तुमची लेव्हल बी२ आहे, तीन महिन्यात सी१ करून देतो म्हणाले. पण परवा एका एजन्सीतनं इंग्रजीत फोन आला तर मला धड दोन वाक्यं बोलता आली नाहीत. मग माझी लेव्हल खरी कुठली?
(एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : ताई, त्या एका फोनवरनं खचून जाऊ नका, पण त्या टेस्टवर पण जाऊ नका. ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ या भाषा किती येते ते सांगणाऱ्या सहा पायऱ्या (ए१ सगळ्यात खालची, सी२ सगळ्यात वरची) कौन्सिल ऑफ युरोप या युरोपातल्या देशांच्या संघटनेनं २००१ साली छापून जाहीर केल्या, त्याला सीईएफआर म्हणतात, आणि त्या फक्त इंग्रजीच्या नाहीत, जर्मन शिकणाऱ्यांना पण ए१, ए२ असंच सांगतात. त्यात तुम्हाला ग्रामर किती पाठ आहे हे मुख्य नाही, तुम्हाला त्या भाषेत काय करता येतं हे मुख्य आहे. आणि ऐकणं, वाचणं, बोलणं, लिहिणं हे सगळं वेगवेगळं मोजायचं असतं. तुमचं वाचन बी२ आणि बोलणं ए२ असू शकतं, आपल्याकडं तर बहुतेकांचं असंच असतं कारण शाळेत आपण इंग्रजी वाचलं, फळ्यावरनं उतरवून घेतलं, पण बोललो कुणाशी?

घरी एक करून बघा. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा आणि कालची ड्युटी कशी गेली ते न लिहिता, न थांबता दोन मिनिटं इंग्रजीत सांगा. नुसतं नाव, गाव, काम एवढंच सांगता आलं तर ए१. आधी हे झालं, मग ते झालं असं साध्या वाक्यात जमलं तर ए२. काय झालं, का झालं, मला काय वाटलं हे चुकतमाकत का होईना पण सलग सांगता आलं तर बी१ धरा. आणि समोरच्यानं मधेच आडवा प्रश्न टाकला, डॉक्टरांना आधीच का नाही कळवलं म्हणून, तरी तुम्ही न अडखळता आपलं म्हणणं पटवून देऊ शकलात तर ते बी२.

आता तीन महिन्यांचं. केंब्रिजच्या परीक्षावाल्यांचा अंदाज असा की शून्यापासनं बी२ पर्यंत साधारण ५०० ते ६०० तास शिकवणी लागते आणि सी१ ला ७०० ते ८००. म्हणजे मधलं अंतर २०० तासांचं, आणि रोज एक तास क्लास म्हटलं तर तीन महिन्यात होतात ९०. हिशोब तुमच्यासमोर आहे, पैसे भरायच्या आधी त्यांना हाच हिशोब विचारा. आयईएलटीएस या बाहेरच्या देशात जाणाऱ्यांच्या इंग्रजी परीक्षेत ५.५ ते ६.५ बँड, म्हणजे गुण, आले तर साधारण बी२ आणि ७ ते ८ म्हणजे सी१. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलची अट ऐकणं, वाचणं, बोलणं यात ७ आणि लिहिण्यात ६.५ अशी आहे, तरी अर्ज करताना परत एकदा बघून घ्या. म्हणजे वाचनात ८ मिळाले म्हणून बोलण्यातले ५.५ झाकले जात नाहीत. तुमचे पैसे आणि वेळ बोलण्या-ऐकण्यावर घाला, ग्रामरच्या टेस्ट पुरे.

प्रश्न : आठवीच्या वर्गाला इंग्रजी शिकवतो. काही पोरांना ८० च्या वर मार्क आहेत पण स्वतःहून एक वाक्य बोलत नाहीत, काहींना अजून वाचता येत नाही. सगळ्यांची लेव्हल एक धरून कसं शिकवायचं?
(एक शिक्षक, कागल तालुका)

उत्तर : सर, एक धरूच नका. महाराष्ट्रात २००० सालापासनं पहिलीपासनं इंग्रजी आहे, पण इयत्ता म्हणजे लेव्हल नव्हे, पाठ केलेल्या उत्तरांचे ८० मार्क पण लेव्हल नव्हे. धडा वेगवेगळा घेत बसलात तर दमून जाल, त्यापेक्षा विषय एकच घ्या आणि काम वेगळं द्या. तुमच्याकडं उसाचा भाग, पोरांनी गुऱ्हाळ बघितलेलं असतंच. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी काहील, ऊस, जाळ, गुळाची ढेप यांचं चित्र काढायचं आणि तुम्ही दिलेले इंग्रजी शब्द बघून नावं लिहायची. मधल्यांनी रसापासनं गुळापर्यंत काय काय होतं ते क्रमानं चार-पाच वाक्यात सांगायचं. पुढच्यांनी गुऱ्हाळावर गेलेल्या एका दिवसाची गोष्ट सांगायची, आणि घरच्या पोरानं हा धंदा करावा का नाही ते कारण देऊन. आणि कृपा करून पोराला तू ए१ आहेस असं वर्गात म्हणू नका, तो शिक्का पोरं फार दिवस मनात ठेवतात.

प्रश्न : चप्पल लाईनला दुकानात कामाला आहे. फॉरेनर आले की मीच बोलतो, पण लिहिता काहीच येत नाही. मला इंग्रजी येतं का?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : येतं की दादा! पायाचं माप घेत घेत हे कातडं कुठलं, पाण्यात का घालायचं नाही, तेल कधी लावायचं हे तुम्ही गिऱ्हाईकाला समजावता, ते परत प्रश्न विचारतं, तुम्ही उत्तर देता. धंद्यापुरतं बोलणं ए२ च्या पुढंच असणार, लिहिणं ए१ च्या पण आत, आणि दोन्ही एकाच माणसाचं खरं आहे. जे बोलता तेच रोज एक वाक्य लिहायला घ्या. पहिलं वाक्य पाण्यात घालू नका हेच लिहा आणि चपलेच्या बॉक्समध्ये चिठ्ठी करून टाका.