कान आणि कॉलम : वाचकांचे प्रश्न, साउंडवाल्याची उत्तरं

डिसेंबर २०१९ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ‘यूटू’ या आयरिश रॉक बँडचा कार्यक्रम झाला. आमचे मेहुणे पुण्याहून खास गेले होते. ते अजूनही ऐकवतात की ‘द जोशुआ ट्री’ हा आख्खा अल्बम ओळीने वाजवला, पहिली तीन गाणी भन्नाट झाली आणि मग आजूबाजूचे लोक मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. गाजलेली गाणी कार्यक्रमभर पेरायची सोडून हे ओळीने वाजवायचं खूळ कशाला? – एक वाचक, सहकारनगर

मेहुण्यांचं निरीक्षण चोख आहे. निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

हा अल्बम मार्च १९८७ मध्ये आला. त्यात अकरा गाणी आहेत आणि जगभर गाजलेली तिन्ही अगदी सुरुवातीला, एकापाठोपाठ एक. हा क्रम बँडने लावलेलाच नाही. मिक्सिंगला, म्हणजे सगळे आवाज जुळवायला आलेल्या स्टीव्ह लिलीव्हाइट यांची तेव्हाची पत्नी, गायिका कर्स्टी मॅकॉल यांनी तो लावला. बँडने अट घातली ती एवढीच की अमुक गाणं पहिलं हवं आणि तमुक शेवटचं. मधली गाणी मॅकॉलबाईंनी आपल्या आवडीच्या क्रमाने लावून टाकली. घरी ऐकताना असा क्रम बरोबरच असतो, कारण पहिल्या तीन मिनिटांत पकडलं नाही तर माणूस उठून चहा टाकायला जातो.

शिवाय तबकडीचं स्वतःचं एक गणित असतं. ती मिनिटाला तेहेतीस आणि एक तृतीयांश फेरे घेते, मग सुई काठावर असो की मध्याजवळ. काठावर एका फेऱ्यात सुईखालून भरपूर लांबीची खाच जाते, मध्याजवळ जेमतेम निम्मी. तेवढ्याच वेळेचं संगीत कमी जागेत कोंबलं की वरचे सूर फाटायला लागतात. झांज तर आधी ‘खर्र’ करते. म्हणून बाजूच्या सुरुवातीला दणदणीत गाणं आणि शेवटाला शांत गाणं ठेवायची जुनी रीत आहे. ‘जोशुआ ट्री’ची पहिली बाजूही पियानोवरच्या संथ गाण्यावर संपते.

आता हाच क्रम स्टेडियममध्ये नेला की पंचाईत होते. मैफलीत कळस शेवटी हवा, इथे तो पहिल्या पंधरा मिनिटांत उरकतो. बँडला हे कळत नव्हतं असं नाही. २०१७ मध्ये अल्बमच्या तिशीनिमित्त दौरा सुरू झाला तेव्हा त्यांनी तोड काढली. सुरुवातीला त्याहून जुनी गाणी, तीही प्रेक्षकांत घुसलेल्या छोट्या मंचावर, मागे कसलीही चित्रं नाहीत. मग सुमारे दोनशे फूट रुंदीचा पडदा उजळतो आणि अल्बम सुरू होतो. तो संपला की नंतरच्या काळातली गाणी. म्हणजे अल्बम मधोमध येतो. नेरूळला तर शेवटाकडे ए. आर. रहमानही मंचावर आले. तो या दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम होता.

आता मोबाइलवाल्यांबद्दल. सवाईला अनवट राग सुरू झाला की कँटीनकडे सरकणारी मंडळी आपण दरवर्षी बघतो, त्यांची ही स्टेडियममधली भावंडं. त्यांनी चुकवलं काय? दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं, ‘रेड हिल मायनिंग टाउन’. १९८४-८५ च्या ब्रिटनमधल्या खाणकामगारांच्या संपातून आलेलं हे गाणं तीस वर्षं एकदाही मंचावर वाजलं नव्हतं. २०१७ मध्ये पहिल्यांदा वाजलं, पडद्यावर पितळी वाद्यांचा ताफा घेऊन. गाजलेली गाणी तर हा बँड कुठल्याही दौऱ्यात वाजवेल. अल्बम ओळीने लावला की ही आडबाजूची गाणीही वाजवावीच लागतात, आणि मी पैसे मोजीन ते यांच्यासाठी.

तरी मेहुण्यांना एक गृहपाठ द्या. अल्बमचं पहिलंच गाणं लावायला सांगा आणि गिटार सुरू झाली की मांडीवर मात्रा मोजायला सांगा. सुरुवातीला गिटार सहाच्या झोक्यात, दादऱ्याच्या अंगाने झुलते. मग बास आणि ड्रम येतात आणि सगळं चारात बसतं. सांधा कुठे आला ते भल्याभल्यांना बोट ठेवून दाखवता येत नाही. ही जागा जुळवताना स्टुडिओत इतके दिवस गेले की निर्माता ब्रायन ईनो वैतागून टेपच पुसायला निघाला होता. इंजिनिअरने त्याला अडवलं म्हणून ते गाणं आज आहे.

साठी-सत्तरीतले हे गायक मूळ पट्टीत गात नाहीत, गिटारी उतरवून घेतात असं ऐकलं. पूर्ण तिकीट घेऊन उतरलेला माल देणं ही फसवणूक नाही का? – एक वाचक, चिंचवड

नाही. आपल्याकडे गवई उतारवयात पट्टी खाली घेतो तेव्हा आपण त्याला समंजस म्हणतो. अर्धा स्वर उतरवला तर हजारातल्या नऊशे लोकांना पत्ताही लागत नाही. गिटारीच्या तारा जरा सैल होतात, बास थोडा जाडसर येतो, बस. उलट मूळ पट्टीचा हट्ट धरून वरच्या सुरांवर प्रेक्षकांपुढे माइक धरणारे मला जास्त खटकतात. ‘तुम्ही गा’ म्हणायचं आणि आपण दम खायचा!

फसवणूक दुसरीकडे असते. कीबोर्ड, तंतुवाद्यं, पितळी वाद्यं आधी ध्वनिमुद्रित करून सोडणं हे आता सर्रास चालतं आणि त्याला माझी ना नाही. मुख्य आवाज टेपवरचा असेल तर मात्र ती लबाडी. ओळखायची खूण सांगतो. गायक नाचताना माइक तोंडापासून वीतभर लांब जातो तेव्हा आवाज पातळ व्हायलाच हवा. नाही झाला, तर समजून जा. मिक्सरमागे उभं राहून हा प्रकार मी पाहिलेला आहे, आणि कोणाचा ते छापणार नाही.

मूळ सदस्यांतला एखादाच उरला असेल तर त्याला तोच बँड म्हणावं का? – एक वाचिका, औंध

मी पाटीवरचं नाव बघत नाही, काय वाजतंय ते ऐकतो. फेब्रुवारी २००७ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात पिंक फ्लॉइड या बँडचे एके काळचे सदस्य रॉजर वॉटर्स यांनी त्या बँडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम सगळा वाजवला. मंचावर पिंक फ्लॉइड नव्हता आणि तसा दावाही नव्हता. शब्द मात्र सगळे त्यांचेच होते. तो अल्बम असा शिवलेला आहे की एक गाणं संपण्याआधी दुसरं सुरू होतं. त्याला ओळीने वाजवण्याशिवाय न्यायच नाही.

यूटूचे चौघे १९७६ पासून तेच. तरी २०२३ मध्ये लास व्हेगसच्या ‘स्फिअर’ या प्रेक्षागृहात ‘आख्तुंग बेबी’ हा आपला अल्बम वाजवताना ड्रमर लॅरी मलन प्रकृतीमुळे नव्हते, त्यांच्या जागी ब्रॅम फान डेन बर्ग बसले. गायक बदलला की सगळे ओरडतात. माझ्या कानाला ड्रमर बदललेला आधी कळतो.

असे दौरे पुण्यात का येत नाहीत? – एक विद्यार्थी, कर्वेनगर

काहीच येत नाही असं म्हणू नका. एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव २०१० मध्ये आपल्याच गावात सुरू झाला आणि एड शीरन जानेवारी २०२५ मध्ये यश लॉन्सवर गाऊन गेला. पण तो गिटार आणि लूपर (वाजवलेला तुकडा पुन्हापुन्हा ऐकवणारं यंत्र) घेऊन एकटाही मैदान भरतो. दोनशे फुटी पडदा उभा करायचा तर ट्रकच्या ट्रक सामान आणि बांधणीला कित्येक दिवस मोकळं स्टेडियम लागतं. नेरूळ द्रुतगती मार्गाने आपल्याला जवळच, मग आयोजक कशाला घाट चढतील?

बाबा बहात्तर वर्षांचे आहेत, कॉलेजपासून रॉकचे वेडे. हल्ली श्रवणयंत्र लावतात. पुढच्या वेळी कोणताही जुना बँड आला तर त्यांना न्यायचंय. तिकीट कुठलं काढू? – एक वाचिका, कोथरूड

मंचासमोरचं उभ्याचं महागडं तिकीट आधी बाद करा. तिथे चार तास उभं राहावं लागतं आणि सबवूफर, म्हणजे खालच्या सुरांचा मोठा स्पीकर, थेट छातीवर येतो. सगळ्यात वरचा मजलाही नको. छपराखाली आवाज परत फिरतो, बास गढूळ होतो, आणि जिने आहेतच.

मैदानात मधोमध तंबूसारखी एक मचाण दिसेल, तिथे मिक्सर असतो. आवाज जुळवणारा माणूस तिथे बसून जुळवतो, त्यामुळे त्याला जे ऐकू येतं ते सर्वांत नीट असतं. त्याच्या रेषेत, शक्यतो खालच्या मजल्यावरची खुर्ची बघा. अगदी लांबची जागा मिळाली तर बाबा म्हणतील, ड्रमवर काठी पडलेली आधी दिसते आणि आवाज मागाहून येतो. बरोबर आहे. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरवर पाव सेकंदाहून जास्त उशीर. म्हणून मैदानात मध्येच कॉलमचे, म्हणजे स्पीकरचे मनोरे उभारतात आणि त्यांना मुद्दाम उशिरा वाजवतात, म्हणजे मंचाचा आणि मनोऱ्याचा आवाज एकदमच पोचतो. मनोऱ्याच्या थेट खाली मात्र बसवू नका.

आता कान. ८५ डेसिबल आठ तास चालतात, पण दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. शंभरला पंधरा मिनिटं उरतात. स्टेडियममध्ये शंभर म्हणजे काहीच नाही. स्पंजचे बोळे वरचे सूर जास्त खातात, त्यापेक्षा संगीतासाठीचे फिल्टरवाले इअरप्लग घ्या. तुमच्यासाठीही घ्या.

श्रवणयंत्र बोलणं ऐकायला जुळवलेलं असतं. मोठ्या आवाजाला ते झाकण लावतं, मग गिटार आणि झांजा एकमेकांत कालवून येतात. बऱ्याच यंत्रांत संगीताचा वेगळा प्रोग्रॅम घालून मिळतो. तिकिटं विक्रीला यायच्या आधीच ऑडिऑलॉजिस्टकडे जाऊन तो घालून घ्या, आणि तपासायला बाबांची एखादी तोंडपाठ तबकडी फोनवर भरून न्या. कुठे बिघडतंय ते तेच सांगतील.