सेटलमेंट करून सिबिल सुधारतो का? (गुहागरच्या ताईंना उत्तर)

ताई, तुमची पोस्ट काल रात्री दोनदा वाचली. होमस्टेच्या कर्जाचे ७,२०० रुपयांचे चार हप्ते थकलेत, सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणारे गुण) ५९० वर आलाय, आणि वसुलीवाला फोनवर म्हणतोय की दीड लाख बाकी आहे ना, ८० हजार एकरकमी भरा, फाइल बंद करून टाकू, सिबिलपण क्लिअर होईल. हे शेवटचं वाक्य मी जसंच्या तसं ऐकलंय. मार्च २०२३, चिपळूण, माझ्याच दुकानात, माझ्याच पैशांचा चहा पीत. म्हणून एवढं लिहायला बसलो.

सिबिल म्हणजे काय, हप्ते वेळेवर भरा वगैरे लिहीत नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. मी सीए नाही, बँकेतलाही नाही. मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जे अंगावर आलं ते सांगतो, बाकी खात्री तुमची तुम्ही करा.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी दुकानात शिरलं. पाणी ओसरल्यावर पाहिलं तर तांब्याच्या तारेची रिळंसुद्धा चिखलाने भरलेली. वर एका फायनान्स कंपनीचं चार लाखांचं कर्ज. कोविडात मार्च ते ऑगस्ट २०२० हप्ते पुढे ढकलता आले होते, तसंच काहीतरी आपोआप होईल असं धरून मी साधा अर्जसुद्धा केला नाही. दीड वर्ष ओढाताण झाली. शेवटी १ लाख ६२ हजारांच्या जागी ९५ हजारांत मिटवायचं ठरलं. बायकोच्या पाटल्या गहाण टाकून भरले. आठवड्याने पत्र आलं. मी त्यातला आकडा पाहिला आणि 'यापुढे येणे बाकी नाही' ही ओळ पाहिली. वर ठळक अक्षरात 'वन टाइम सेटलमेंट' लिहिलं होतं, त्यावरून नजर नुसती फिरली. एवढा आनंद झाला की पत्र लॅमिनेट करून गल्ल्यामागे गणपतीच्या फोटोशेजारी लावलं.

पुढच्या वर्षी पिकअपसाठी कर्ज मागायला गेलो. स्कोअर ५६१. मॅनेजर चांगला माणूस होता, स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. खात्यापुढे 'सेटल्ड'. म्हणाला, याचा अर्थ तुम्ही पूर्ण पैसे दिले नाहीत, त्यांनी नुकसान सोसून तुम्हाला सोडलं. पूर्ण फेडलेल्या खात्यापुढे 'क्लोज्ड' येतं. येणे बाकी नाही हे पत्र वेगळं आणि सिबिलच्या अहवालातला शेरा वेगळा. वसुलीवाल्याचा त्या शेऱ्याशी काडीचा संबंध नसतो. त्याचं काम पैसे आणणं.

मग मी सिबिलच्या साइटवर तक्रार टाकली. तिथे लोकांची एक गफलत होते. सिबिल ही नुसती नोंदी ठेवणारी कंपनी, ती स्वतःहून काही बदलत नाही. ते कर्ज देणाऱ्यालाच विचारतात, आणि तो 'माहिती बरोबर आहे' म्हणाला की तक्रार बंद. माझ्या बाबतीत ती खरंच बरोबर होती, राग कोणावर काढणार! मग सोडलेले ६७ हजार मी आपणहून भरायचं ठरवलं. पैसे द्यायला गेलो तरी सहा फेऱ्या. पहिल्यांदा, साहेब व्हिजिटला गेलेत. दुसऱ्यांदा, असं कुणी भरत नाही हो. तिसऱ्यांदा मूळ पत्र मागितलं, मी लॅमिनेट केलेलं पुढे केलं, तर बाई म्हणाल्या यावर शिक्का कसा उमटणार? उमटला नाहीच. शाई पुसली जायची. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, मग आम्ही दोघंही हसलो. त्या दिवसातलं तेवढंच बरं. सगळं 'सिस्टिममधून होतं', आणि ती सिस्टिम मुंबईत.

पैसे घेतले, पावती दिली, शेरा तसाच. तीन महिने! तेव्हा कळलं की मी एकाही अर्जाची पोच घेतली नव्हती. आवकचा शिक्का मारलेली आपली प्रत नसेल तर तुम्ही तिथे कधी गेलाच नव्हता असं समजा. मग लेखी तक्रार केली, पोच घेतली, आणि एक नियम त्यात लिहिला: २६ एप्रिल २०२४ पासून अशी तक्रार ३० दिवसांत मिटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला द्यावी लागते. तरी हालचाल नाही. शेवटी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार केली (फुकट आहे, १४४४८ वर माहिती मिळते, मध्ये एजंट लागत नाही). मग मात्र भराभर 'क्लोज्ड' झालं आणि ४,३०० रुपये खात्यात आले. पाटल्यांचं व्याज त्याहून जास्त गेलं होतं, ते जाऊ दे.

आता तुमचा हिशेब. थकबाकी २८,८०० अधिक दंड. तुमच्या हातात ८० हजार जमणार असतील तर ते सेटलमेंटमध्ये का घालता? थकलेलं सगळं भरा, वर साधारण सहा-सात हप्त्यांची सोय उरते. चार हप्ते म्हणजे ९० दिवस उलटले, खातं एनपीएत (थकीत कर्जांच्या यादीत) गेलं असणार, आणि तिथून ते एखाददुसरा हप्ता भरून बाहेर येत नाही, सगळी थकबाकी भरावी लागते. पूर्ण कर्ज एकदम परत मागणारी नोटीस आली असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा वकिलाला दाखवा. घासाघीस करायची तर दंडावर करा. दंडावर पुन्हा व्याज लावता येत नाही, स्टेटमेंट मागून तेवढं तपासा. आणि काहीही ठरलं तरी खातं कोणत्या शेऱ्याने बंद होईल ते पैसे भरण्याआधी लेखी घ्या, कंपनीच्या लेटरहेडवर, जावक क्रमांकासकट. व्हॉट्सअॅपवरचं चालत नाही.

अगदीच जमत नसेल, घरात आजारपण वगैरे, तर सेटलमेंट करणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. फक्त सिबिल सुधारेल म्हणून करू नका.

स्कोअर चढायला वेळ लागतो. थकलेले महिने अहवालात मागे दिसत राहतात, ते कुणी पुसत नाही. 'पाच हजारात ७५० करून देतो' म्हणणारे सरळ फसवतात. मी २० हजारांच्या एफडीवर कार्ड काढलं, त्यावर फक्त पेट्रोल आणि मोबाइल, आणि बिल निघायच्या आधीच बहुतेक पैसे भरून टाकायचो. 'मिनिमम ड्यू' (बिलातली किमान भरायची रक्कम) या शब्दांकडे बघायचंसुद्धा नाही. दोन वर्षांच्या आत ७४२ झाला. माझं दुसरं काही कर्ज नव्हतं म्हणून असेल कदाचित.

आपल्याकडची एक गोष्ट. पतसंस्थेचं कर्ज वेळेवर फेडलं की स्कोअर वाढेल असं बरेच जण धरून चालतात. बऱ्याच पतसंस्थांची परतफेड अहवालात जातच नाही. आधी विचारा. उलट कुणाच्या बोटीच्या कर्जाला जामीन राहिलात तर ते मात्र तुमच्या अहवालात येऊ शकतं. मासेमारीबंदीच्या जून-जुलैत त्याचा हप्ता चुकला की झळ तुम्हालाही.

तुमचंही मे सरला की पाहुणे बंद, गणपतीपर्यंत शुकशुकाट. मेच्या कमाईतून तीन हप्ते वेगळ्या खात्यात टाकून ठेवा, त्या खात्याचं एटीएम कार्ड घेऊच नका.

वसुलीवाल्याने पत्र पाठवलं तर खाते क्रमांक झाकून त्यातला मजकूर इथे टाका, आपण बघू. तोवर फोनवर 'विचार करून सांगते' एवढंच म्हणा.