पाळणाघरात रंग, माती, कणीक खेळायला द्यायची तर मुलांना नियम काय घालावेत?

तुमचा प्रश्न वाचून मला माझं पहिलं वर्ष आठवलं आणि हसूच आलं. घरातच पाळणाघर सुरू करून चार महिने झालेत, 2 ते 5 वयाची 8 मुलं आहेत, त्यांना मनसोक्त रंग-माती खेळू द्यायची इच्छा आहे पण दर वेळी घराचा उकिरडा होतो, मग तुम्ही ओरडता आणि संध्याकाळी पालक कपड्यांवरून कुरकुरतात. बरोबर ना? मी डोंबिवलीत तळमजल्यावरच्या वन बीएचकेमध्ये 9 वर्षं पाळणाघर चालवतेय, सध्या 11 मुलं आहेत आणि मदतीला एक मावशी, त्यामुळे या विषयात मी अक्षरशः बरबटलेली आहे.

पहिल्या वर्षी मी पण नियम केले होते, चांगले 10, सुंदर अक्षरात लिहून लॅमिनेट करून भिंतीवर. रंग सांडू नये, भिंतीला हात लावू नये, माती तोंडात घालू नये, सगळे ‘नये’वाले. वाचता येणारं एक पोर नव्हतं त्यात. वाचायचे फक्त ॲडमिशनला आलेले पालक आणि ते खूश व्हायचे. मी मात्र दिवसभर अरे नको, अगं नको, हात काढ, तिकडे नको करत बसायचे. शेवटी तो कागद काढला तर सेलोटेपबरोबर भिंतीचा रंगही निघाला, म्हणजे वर्षभरात पोरांनी केलं नाही तेवढं नुकसान माझ्या नियमांनी केलं.

आता मुलांसाठी नियम तीनच आहेत, तेही बोलून सांगायचे. राडा फ्लेक्सवर. तोंडात नाही, डोळ्यात नाही, दुसऱ्याच्या अंगावर नाही. आणि उठायचं असेल तर आधी हात पुसायचे. बास. बाकी सगळे नियम माझ्यासाठी आणि मावशींसाठी आहेत आणि खरं काम तिथेच आहे.

फ्लेक्सचं आधी सांगते कारण निम्मा प्रश्न त्यानेच सुटतो. नाक्यावर वाढदिवसाचे वगैरे मोठे फ्लेक्स लागतात ना, ते उतरवल्यावर डेकोरेटरकडे पडून असतात, मागितला की देतो. प्लास्टिकची चटई घेऊ नका, तिच्या विणीत कणीक अडकली की आठवडाभर निघत नाही, फ्लेक्स ओल्या फडक्याने दोन मिनिटांत साफ. छापील बाजू खाली आणि पांढरी वर करून अंथरायचा (नाहीतर कुठल्यातरी भाऊंच्या हसऱ्या चेहऱ्यावर पोरं गेरू ओततात, आमच्याकडे झालंय ते, आणि नेमके त्यांचे नातेवाईकच मुलाला घ्यायला आले होते). त्याची कड म्हणजे हद्द. दोन वर्षांच्या मुलाला ‘घर घाण करू नको’ काहीही कळत नाही पण ‘फ्लेक्सच्या आत’ हे त्याला दिसतं, पायाला लागतं. फ्लेक्सच्या आत मग मी बोलत नाही, खरंच नाही, तिथे लाल रंगात हिरवा कालवून शेणासारखा रंग झाला तरी गप्प बसायचं. आत एक आणि बाहेर एक असे दोन वेगळे कायदे पक्के झाले की मुलं बाहेर आपणहून नीट वागतात, मला स्वतःला याचं आश्चर्य वाटलं होतं.

दुसरा नियम मोडला जाणारच. कोणीतरी माती फेकणार. तेव्हा मी लेक्चर देत नाही, फक्त ‘माती थापायला आहे, फेकायला बॉल आहे’ म्हणते आणि खरंच बॉल हातात देते, कारण पुष्कळदा त्याला फेकायचंच असतं हो, मातीचं काही पडलेलं नसतं. परत फेकली तर त्याचं घमेलं माझ्या शेजारी येतं. बंद करत नाही, जवळ आणते. बंद करून कोपऱ्यात बसवलं की तो तिथून बाकीच्यांना त्रास देतो आणि राडा दुप्पट.

आणि एखादं मूल हातच घालत नाही, चिकट लागलं की रडतं. त्याच्यासाठी नियम असा की जबरदस्ती नाही. चमचा द्या, काडी द्या, नाहीतर नुसतं बघू द्या. आमच्याकडे एक मुलगी जूनपासून दिवाळीपर्यंत नुसती बघत होती, मग एक दिवस एक बोट घातलं, आणि आता तिला उठवताना मावशी मेटाकुटीला येतात.

आता मोठ्यांचे नियम. काय द्यायचं नाही हे तुमचं तुम्ही ठरवून टाका, मुलांवर सोडू नका. तीन वर्षांखालचं एक जरी मूल खोलीत असेल तर मणी, बटणं, हरभरे, चिंचोके, थर्माकोलचे बारीक गोळे बाहेर काढायचे नाहीत. जुनी फोटोच्या रोलची डबी असेल घरात तर सांभाळून ठेवा, साधारण तीन सेंटिमीटर रुंद असते, त्यात जे मावतं ते लहान मुलाच्या घशात अडकू शकतं, मी प्रत्येक नवीन वस्तू त्यात घालून बघते. पाण्यात टाकल्यावर फुगणारे ते रंगीत जेलीचे मणी मिळतात ते तर घरातच आणू नका, गिळले तर पोटात जाऊन फुगतात. दुकानातली रांगोळी म्हणजे दगडाची पूड, डोळ्यात गेली की खुपते, त्याऐवजी तांदळाची पिठी. प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये हाताचे ठसे घ्यायची हौस पालकांना फार असते पण ते घट्ट होताना तापतं, जाड थरात हात ठेवला तर भाजू शकतं, ठसे शाडूत घ्या की. आणि पाण्याचा टब असेल तर एक मोठं माणूस तिथून हलणार नाही, फोन वाजला तरी नाही, दाराची बेल वाजली तरी नाही, वितभर पाणी पण लहान मुलाला बुडायला पुरेसं असतं. खेळ संपला की टब लगेच रिकामा.

कणकेबद्दल थोडं जास्त लिहिते कारण यावर आमच्याकडे भांडण झालंय. सगळीकडे सांगतात मैदा, मीठ, तेल आणि रंग घालून गोळा मळा, टिकतो छान. टिकतो खरा पण त्यात मीठ भरपूर असतं, अर्धी वाटी एक वाटीच्या हिशोबात, आणि दोन वर्षांचं मूल तो खाणारच. एवढं मीठ पोटात गेलं तर लहान मुलाला ते झेपत नाही, रक्तातलं मीठ वाढतं. म्हणून खाऱ्या गोळ्याचा खेळ फक्त चारच्या पुढच्यांना. गव्हाची ॲलर्जी कोणाला आहे का हे ॲडमिशन फॉर्मवरच विचारून घ्या, ॲलर्जीवाल्याला कणीक खायची गरज नसते, हाताला लागून हात तोंडात गेला तरी त्रास होऊ शकतो. आता भांडण. एका मुलाची आजी घ्यायला आली आणि फ्लेक्सवर पडलेले निळे कणकेचे गोळे बघून म्हणाली, ‘अन्नाशी असं खेळतात होय?’ मला आधी राग आला, म्हटलं काय जुन्या वळणाचं. रात्री विचार केला तेव्हा वाटलं, बाई चुकीचं काय बोलली? घरी पानात टाकू नको म्हणून शिकवतात आणि इथे आम्ही किलोभर मैदा निळा करून डस्टबिनमध्ये. तेव्हापासून कणीक असेल तर ती साधी, बिनरंगाची, हात स्वच्छ धुऊन, प्रत्येकाला लिंबाएवढी, आणि जे लाटलं जाईल ते तव्यावर. नकाशे भाजले जातात, तूप-गूळ लावून तेच खातात. फेकाफेक त्या दिवशी जवळजवळ होतच नाही. थापटायला, चेपायला, फोडायला मात्र माती.

माती म्हणजे आमच्याकडे शाडू. गणपतीच्या आधी मूर्तीवाल्याकडून 5 किलो घेते, वर्षभर पुरते, वाळली की भिजवून परत मळायची. एकच लक्षात ठेवा, मातीचे हात बेसिनमध्ये धुवायचे नाहीत. माझं बेसिन दोनदा तुंबलंय, दोन्ही वेळा प्लंबर माझ्याकडे असा बघत होता की जसं काही मीच गणपती विसर्जन केलंय त्यात. बादलीत धुवा, बादली रात्रभर ठेवा, वरचं पाणी झाडांना, तळाचा गाळ परत घमेल्यात. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणीकपात असते त्यामुळे हा नियम मावशींनीच घातला, आणि एकूणच सांगते, ज्या माणसाला पुसायचंय त्याला विचारून दिवस ठरवा. मावशी म्हणाल्या आठवड्यात दोनदा, बुधवार आणि शुक्रवार, सकाळी साडेदहाला. संध्याकाळी नको, मुलं दमलेली असतात, आईची वाट बघत असतात, तेव्हा रंग काढले की रडारडच.

संपवायचं कसं हे पण आधी ठरवा. ‘पाच मिनिटं राहिली’ म्हणू नका, त्यांना मिनिटं कळत नाहीत. ‘आता शेवटचे दोन लाडू’ म्हणा, ते कळतं. मग सगळ्यांनी एकदम बेसिनवर जायचं नाही, 11 जण आणि एक नळ, फरशी ओली होऊन कोणीतरी आपटतंच. जागेवरच ओल्या फडक्याने हात पुसायचे, मग दोघं दोघं बादलीपाशी. फडकं मुलांच्याच हातात द्या. फार स्वच्छ होत नाही, पण अर्धी मुलं पुसण्यातच जास्त रमतात.

पालकांचं. बापाचा जुना शर्ट मागवून घ्या, बाह्या कापून उलटा घालायचा, बटणं पाठीला, गुडघ्यापर्यंत झाकलं जातं. दिवस आधीच ग्रुपवर सांगा. तरीही एक आई बुधवारी मुद्दाम पांढरा फ्रॉक घालून पाठवायची आणि संध्याकाळी फोटो काढून ग्रुपवर टाकायची, तिला मी सरळ सांगितलं की बुधवारी मी फ्रॉक बदलणार, आवडलं नाही तिला पण चाललंय. हळदीचा रंग वापरलात तर डागाला साबण लावला की तो लाल होतो, पालक घाबरून फोन करतात, सांगून ठेवा की धुऊन कडक उन्हात वाळवा, पुष्कळ फिका पडतो. (मुलांना मात्र ती जादू मुद्दाम दाखवा, हळदीच्या कागदावर साबणाचं बोट, वेडी होतात.)

‘यातून शिकतात काय, त्यापेक्षा एबीसीडी घ्या’ असं म्हणणारे भेटतील. मी वाद घालत नाही. आपल्या इथून लोकलने डहाणूच्या बाजूला गेलं की बोर्डी-कोसबाड आहे, तिथे 1945 पासून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, पानं, दगड, माती असल्या सामानावर बालवाड्या चालवून दाखवल्या, महागडी साधनं परवडत नव्हती म्हणून हे त्यांनी शोधलं आणि अंगणवाडी हा शब्दही तिथलाच. एवढं सांगते आणि पुढच्या कामाला लागते.

सुरुवात मात्र दोन जणांपासून करा, आठही मुलं एकदम फ्लेक्सवर बसवू नका, बाकीच्यांना मावशी किंवा घरातलं कोणी गोष्ट सांगेल. एवढं कोणी नसेल तर त्या दिवशी नुसतं पाणी आणि ब्रश द्या, बाल्कनीची भिंत पाण्याने रंगवू दे, वाळतं, पुसावंही लागत नाही. आणि फ्लेक्स दोन मागा, पावसाळ्यात एक कायम वाळत असतो.